दहाचे वीस करणारं बेट

२९ जून २०२४ रोजी विश्वचषक जिंकल्यावर रोहित शर्माने ज्या खेळपट्टीची माती चिमटीत घेऊन तोंडात टाकली, ते केन्सिंग्टन ओव्हल मैदान बार्बाडोसमधल्या ब्रिजटाऊनच्या बंदरापासून फार लांब नाही. आपल्यासाठी बार्बाडोस म्हणजे ते मैदान. तिथल्या माणसांचं रोजचं जगणं मात्र त्या बंदरावर चालतं. बेट ४३० चौरस किलोमीटरचं, बृहन्मुंबईपेक्षाही लहान. लोकसंख्या तीन लाखांच्या आत. गहू इथे पिकत नाही, टीव्ही-फ्रिज इथे बनत नाहीत. पिठापासून टायरपर्यंत बहुतेक सगळं बोटीने येतं आणि त्याच धक्क्यावर उतरतं.

अशा बेटावर आयात कराचं गणित फार चमत्कारिक वागतं. जिथून बराचसा माल येतो त्या मायामीत एखादी वस्तू दहा डॉलरनी महागली, की ब्रिजटाऊनच्या दुकानात ती जवळपास वीस डॉलरनी महागते. कुणी साठेबाजी करत नाही, कुणी लबाडीही करत नाही. सगळे नियमाने वागतात आणि तरी दहाचे वीस होतात. कसे, ते कागद-पेन्सिल घेऊन पाहण्यासारखं आहे.

समजा, मायामीच्या घाऊक व्यापाऱ्याकडे मिक्सरची किंमत १०० डॉलर आहे. बोटीचं भाडं आणि विमा मिळून २० डॉलर. ब्रिजटाऊनच्या गोदीत तो १२० डॉलरचा झाला. सीमाशुल्क आकारलं जातं ते या १२० वर, मूळच्या १०० वर नाही. म्हणजे समुद्र ओलांडण्याच्या खर्चावरही कर. कॅरिबियन देशांच्या 'कॅरिकॉम' या संघटनेचं बाहेरच्या मालासाठी सामाईक शुल्क आहे. तयार मालाला त्यात बऱ्याचदा २० टक्के दर लागतो. तो धरला तर शुल्क २४ डॉलर, एकूण १४४. आता आयातदार आणि दुकानदार यांचा मिळून ४० टक्के नफा धरू. हा आकडा केवळ उदाहरणासाठी. किंमत झाली २०१ डॉलर ६० सेंट. त्यावर १७.५ टक्के मूल्यवर्धित कर. ग्राहकाच्या हाती पडेपर्यंत मिक्सर २३६ डॉलर ८८ सेंटचा झाला.

आता मायामीतली किंमत १०० ची ११० होऊ द्या, बाकी काही बदलू नका. गोदीत १३०, शुल्कासह १५६, नफ्यासह २१८ डॉलर ४० सेंट, आणि शेवटी २५६ डॉलर ६२ सेंट. वाढ १९ डॉलर ७४ सेंट. टक्क्यांत पाहिलं तर ती मूळच्या दहा टक्क्यांहून कमीच, सव्वाआठच्या आसपास भरते. पण खिशातून जातात ते डॉलर, टक्के नव्हेत. शुल्क, नफा, कर हे तिन्ही टक्केवारीने चालतात, त्यामुळे ते एकमेकांत मिळवले जात नाहीत, गुणले जातात. १.२ गुणिले १.४ गुणिले १.१७५ म्हणजे जवळजवळ दोन. दहाचे वीस होतात ते इथे.

आयात शुल्काला आपण परक्या मालासमोरची भिंत समजतो, आणि मोठ्या देशात ती थोडीफार भिंत असतेही. अर्थशास्त्राच्या पुस्तकांत 'लहान देश' अशी एक वेगळी कोटी आहे. या देशाने जास्त घेतलं काय, कमी घेतलं काय, जगाच्या बाजारभावाला त्याचा पत्ताही लागत नाही. मोठं गिऱ्हाईक कर लावून परदेशी विक्रेत्याला 'भाव उतरव' असं दरडावू शकतं. बार्बाडोस दरडावणार कुणाला? परदेशी कारखानदाराच्या वर्षभराच्या उत्पादनात या बेटाची मागणी चिमूटभर. तेव्हा इथे लावलेला कर परदेशी विक्रेत्याच्या वाट्याला जवळजवळ येतच नाही, सगळा इथल्याच गिऱ्हाइकाच्या माथी बसतो. अशा ठिकाणचं शुल्क म्हणजे मुंबईचा जुना जकात नाकाच. येणारा ट्रक अडवून पैसे वसूल करायचे, ते अखेर शहरातल्याच माणसाने भरायचे.

योगायोग असा, की १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि मुलुंड-दहिसरचे जकात नाके बंद झाले, नेमक्या त्याच दिवशी बार्बाडोसने आपला नाका चढा केला. 'राष्ट्रीय सामाजिक दायित्व अधिभार' नावाचा एक कर तिथे २०१६ मध्ये २ टक्क्यांनी सुरू झाला होता. आयात मालावर तो सीमाशुल्काच्या जोडीला लागायचा आणि स्थानिक कारखान्यांतल्या मालावरही होता. तो एका झटक्यात १० टक्के झाला. सरकारची तिजोरी रिकामी होती आणि पैसा वसूल करायला बंदरासारखी सोयीची जागा नाही. हजारो घरं-दुकानं तपासत फिरण्यापेक्षा एका फाटकावर चार अधिकारी बसवले की भागतं. लहान देशांचं आयात करांवर फार प्रेम असतं ते यामुळेच.

आपल्या मिक्सरला हा अधिभार लावून पाहा. १४४ मध्ये १२० चे दहा टक्के, म्हणजे १२ मिळवले की १५६. पुढचं सगळं तेच, शेवटची किंमत २५६ डॉलर ६२ सेंट. मायामीतल्या भाववाढीने जी किंमत आली, तीच. उदाहरणातले आकडे सोयीचे आहेत म्हणून सेंटापर्यंत जुळले, पण मुद्दा खरा आहे. दुकानातल्या किमतीच्या चिठ्ठीवरून ती वाढ आपल्या सरकारच्या कराची की परदेशातल्या भाववाढीची, हे गिऱ्हाइकाला कळायला मार्ग नाही.

तेव्हा मात्र कर कुणाचा ते सगळ्यांना माहीत होतं. जुलै २०१७ मध्ये कामगार संघटना आणि उद्योजक, एरवी एकमेकांसमोर उभे राहणारे, एकाच मोर्चात ब्रिजटाऊनच्या रस्त्यावर चालले. मे २०१८ च्या निवडणुकीत सत्ताधाऱ्यांना ३० पैकी एकही जागा मिळाली नाही. कारणं अनेक होती, त्यांत हा अधिभारही होता. मिया मॉटली पंतप्रधान झाल्या आणि १ जुलै २०१८ पासून तो रद्द झाला.

हे झालं घरच्या कराचं. एप्रिल २०२५ मध्ये डोनाल्ड ट्रम्प यांनी जगभरच्या मालावर शुल्क जाहीर केलं. बार्बाडोसच्या वाट्याला किमान १० टक्क्यांचा दर आला. तो बार्बाडोसहून अमेरिकेला जाणाऱ्या मालावर, म्हणजे तिथल्या रमसारख्या वस्तूंवर. त्याचा बार्बाडोसच्या दुकानांतल्या भावाशी संबंध काय? थेट काहीच नाही. पण अमेरिकेने चीन, व्हिएतनाम, मेक्सिको यांच्या मालावर लावलेल्या शुल्काचा मात्र आहे, कारण बार्बाडोसचं मोठं कोठार फ्लोरिडात आहे.

नकाशा पाहिला तर हे विचित्र वाटतं. ब्राझीलचं बेलेम शहर ब्रिजटाऊनला मायामीपेक्षा जवळ आहे. पण माल अंतर पाहून येत नाही, बोटींचं वेळापत्रक पाहून येतो. फ्लोरिडाहून बेटांकडे छोट्या मालवाहू बोटी ठरलेल्या दिवशी सुटतात. त्यांत कुणाचा पूर्ण कंटेनर असतो, कुणाची फक्त चार खोकी. जाताना बोट भरलेली, परतताना बरेचसे कंटेनर रिकामे. त्या रिकाम्या परतीचं भाडंही जातानाच्या मालावरच चढतं.

नियम असा, की अमेरिकेतून फक्त पुढे जाणाऱ्या मालाला तिथलं शुल्क भरावं लागत नाही, आणि भरलेलं शुल्क परत मागण्याचीही काही बाबतींत सोय आहे. मोठा आयातदार चीनहून अख्खा कंटेनर पनामा किंवा जमैकामार्गे मागवतो आणि अमेरिकेला वळसा घालून सुटतो. अडकतो तो छोटा दुकानदार. तो मायामीच्या घाऊक बाजारातून पाच मिक्सर, दहा इस्त्र्या घेतो. तो माल अमेरिकी गिऱ्हाइकासाठी आलेला, शुल्क भरून सोडवलेला असतो. पाच मिक्सरांच्या परताव्यासाठी कुणी सीमाशुल्क वकील गाठत नाही.

न्यूयॉर्क, मायामी, लंडनमध्ये कामाला गेलेली कॅरिबियन माणसं घरी बॅरल पाठवतात, तिथेही हेच होतं. हे बॅरल म्हणजे कमरेएवढं उंच, जाड पुठ्ठ्याचं किंवा प्लास्टिकचं पिंप. तळाशी तांदूळ, तेल आणि डबाबंद पदार्थ. मधे साबण, टूथपेस्ट, धुण्याची पावडर. बुटांच्या आत मोजे कोंबलेले, आणि उरलेल्या प्रत्येक फटीत बिस्किटांचे पुडे, कारण भाडं पिंपाचं असतं, वजनाचं नसतं. नाताळाच्या आधी अशी पिंपं बोटी भरभरून जातात. ब्रुकलिनच्या दुकानात भाव चढले की पिंपाचं भाडं तेवढंच राहतं, फक्त आतला माल कमी होतो. महागाईच्या कुठल्याच निर्देशांकात ही घट दिसत नाही.

शुल्क न लागलेली वस्तूही महाग होऊ शकते, ही आणखी एक गंमत. २०१८ मध्ये अमेरिकेने आयात वॉशिंग मशीनवर शुल्क लावलं. तीन अर्थतज्ज्ञांनी नंतर दुकानांतल्या किमती तपासल्या, तर वॉशिंग मशीन सुमारे ८६ डॉलरनी महागलं होतं आणि कपडे वाळवण्याचं यंत्र सुमारे ९२ डॉलरनी. वाळवण्याच्या यंत्रावर शुल्क नव्हतंच! पण लोक ही दोन यंत्रं जोडीने घेतात, म्हणून विक्रेत्यांनी वाढ दोन्हींवर वाटून टाकली. अमेरिकी बनावटीची यंत्रंही महागली, कारण स्पर्धकाची किंमत वाढल्यावर आपली का वाढवू नये? २०२५ मध्ये पोलाद आणि ॲल्युमिनियमवर आधी २५ आणि मग ५० टक्के शुल्क लागलं. मक्याचा किंवा सूपचा डबा ज्या टिनच्या पत्र्याचा होतो, तो पत्रा अमेरिका बराचसा आयात करते. भांडण अमेरिकेचं इतर देशांशी, आणि वड्याचं तेल निघालं बार्बाडोसच्या वांग्यावर.

त्याच वर्षी फेब्रुवारीत अमेरिकी व्यापार प्रतिनिधींच्या कार्यालयाने चिनी बनावटीच्या बोटींवर बंदरात येण्याची फी सुचवली. ती एका खेपेला दहा ते पंधरा लाख डॉलरपर्यंत जाऊ शकत होती. दहा-पंधरा हजार कंटेनर वाहणाऱ्या अजस्र जहाजाला हा खर्च पेलला असता. पण बेटांकडे जाणाऱ्या पाचशे कंटेनरच्या बोटीला दहा लाख डॉलर म्हणजे कंटेनरमागे दोन हजार डॉलर. कॅरिबियन सरकारांनी आणि खुद्द फ्लोरिडाच्या बोटवाल्यांनी आरडाओरडा केला. एप्रिलच्या अंतिम निर्णयात लहान बोटी आणि जवळच्या फेऱ्या वगळल्या गेल्या. भाडं वाढलं की काय होतं, याचा धडा बेटांनी करोनाकाळात घेतलेला होता. आपल्या मिक्सरचं भाडं २० वरून ६० डॉलर करून पाहा, मायामीत किंमत १०० च असू द्या. दुकानात तो ३१६ डॉलरच्या घरात जातो. म्हणून बार्बाडोसने त्या काळात कर मोजताना धरायच्या भाड्याला कमाल मर्यादा घातली. वाढीव भाडं देणं भाग होतं, निदान त्यावरचा कर तरी टळला.

मग स्थानिक माल घ्यावा, असं सुचणं साहजिक आहे. बार्बाडोसमध्ये कोंबडीपालन मोठं आहे आणि परदेशी कोंबडीवर जबर शुल्क आहे. पण स्थानिक कोंबडी खाते तो मका आणि सोयाबीन परदेशी. तिच्या शेडमधला दिवा लागतो तो बहुतांशी आयात इंधनावर. कोंबडी बार्बाडोसची, पण तिच्या पोटात आयातच भरलेली. चलनाचीही उशी नाही. १९७५ पासून दोन बार्बाडोस डॉलर म्हणजे एक अमेरिकी डॉलर, हा दर ठाम बांधलेला आहे. त्याचे फायदे पुष्कळ आहेत, पण अमेरिकेतली भाववाढ त्यातून जशीच्या तशी आत येते. कॅरिकॉमने २०२५ पर्यंत अन्नाची आयात २५ टक्क्यांनी कमी करायचं ठरवलं होतं. ती मुदत आता २०३० वर गेली आहे.

मग ब्रिजटाऊनच्या हातात काय उरतं? वॉशिंग्टनचा दर तिथे ठरत नाही, पण शुल्क आणि मूल्यवर्धित कर ठरतो. मायामीतली दहा डॉलरची वाढ अमेरिकी शुल्कामुळेच झाली असं धरू. मिक्सरची जुनी किंमत टिकवायची झाली, तर शुल्क किती उतरवावं लागेल? गोदीतले १३० पुन्हा १४४ वरच थांबले पाहिजेत. म्हणजे शुल्क २४ ऐवजी १४ डॉलर. वॉशिंग्टनने घेतलेले दहा डॉलर गिऱ्हाइकाला जाणवू नयेत, यासाठी बार्बाडोसच्या तिजोरीने बरोबर दहा डॉलर सोडायचे. सोडले नाहीत तर काय, तेही पाहा. वाढलेल्या वीसपैकी दहा वॉशिंग्टनला जातात, पाचेक व्यापाऱ्यांच्या नफ्यात आणि पाचेक बार्बाडोसच्याच तिजोरीत. दुसऱ्या देशाने लावलेल्या शुल्कावर आपलंही सरकार न मागता कमाई करतं, आणि अशा वेळी अर्थमंत्र्याला महागाईविरुद्ध बोलणं सोपं असतं, ते पाच डॉलर परत करणं अवघड.