वाचनाचा नेम

मराठी माणसाचं वाचनाचं वर्ष धनत्रयोदशीला सुरू होतं आणि बऱ्याच घरांत तुळशीच्या लग्नापर्यंत आटोपतंही. १९०९ साली का. र. मित्र यांनी ‘मासिक मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून फराळासोबत अंक असणं हा आपल्याकडे रिवाज झाला. स्टेशनजवळच्या लायब्ऱ्या आजही दिवाळी अंकांची योजना लावतात. एकरकमी पैसे भरायचे आणि संक्रांतीपर्यंत अंक बदलून न्यायचे. त्यानंतर कार्ड ड्रॉवरमध्ये पडतं ते पुढच्या दिवाळीपर्यंत.

हौसेनं वाचणारे असे पुष्कळ आहेत, नेमानं वाचणारे थोडे. या थोड्यांच्या पदरात नेमकं काय पडतं? ‘ज्ञान वाढतं, व्यक्तिमत्त्व खुलतं’ ही भाषणातली उत्तरं बाजूला ठेवून पाहिलं तर दोन गोष्टी दिसतात. वाचनाचे मोठे लाभ एखाद्या थोर पुस्तकापेक्षा रोजच्या नेमातून येतात. आणि ते ठरल्या मुदतीला येत नाहीत, भलत्याच वेळी, भलत्याच वाटेनं येतात.

पोथीची शिकवण

वाचनालयं येण्याआधीही आपल्याकडे रोजचं वाचन होतं. चातुर्मासात दिवेलागणीनंतर ओसरीवर पोथी लागायची. बहुधा श्रीधरांचा ‘हरिविजय’, ‘रामविजय’ किंवा ‘पांडवप्रताप’. वाचणारा एक आणि ऐकणारी अख्खी आळी. फडक्यात बांधलेली पोथी सोडायची, कालच्या खुणेचं पान काढायचं, एक अध्याय वाचायचा, खूण घालून पुन्हा बांधून ठेवायची. कथा सगळ्यांना पाठ होती, त्यामुळे पुढे काय होणार याची कुणाला घाई नव्हती. तरी माणसं रोज येऊन बसत. अक्षरओळख नसलेल्या आज्यांच्या बोलण्यात जी ठसठशीत मराठी होती, तिच्यात अशा संध्याकाळींचा वाटा मोठा होता. ज्ञानेश्वरीची पारायणं तर आजही गावोगावच्या सप्ताहांत होतात. ठरलेली वेळ, ठरलेली जागा आणि झेपेल एवढाच मजकूर, ही सवय लावण्याची पक्की रीत आपल्या घरातच होती.

ओसरीवर कुणाला बसू दिलं जात होतं, हा मात्र वेगळा प्रश्न. बायकांना ऐकायची मुभा होती, पोथी हातात घेऊन वाचायची बहुतेक घरांत नव्हती. गावकुसाबाहेरच्यांना तर त्या ओसरीची पायरीही बंद होती. म्हणूनच वाचनानं माणसाला काय दिलं हे पाहायचं, तर ज्यांना ते सुखासुखी मिळालं नाही त्यांच्याकडे आधी पाहावं.

उशिरा येणारं फळ

रमाबाई रानडे १८७३ साली लग्न होऊन आल्या तेव्हा अकरा वर्षांच्या होत्या, आणि त्यांना वाचता येत नव्हतं. त्यांचे पती न्यायमूर्ती रानडे यांनी लगोलग शिकवायला सुरुवात केली. घरातल्या वडीलधाऱ्या बायकांना ते मुळीच रुचलं नाही. दिवसभर टोमणे आणि रात्री धडा, असा तो अभ्यास वर्षानुवर्षं चालला. आधी मराठी, मग इंग्रजी. पुढे रमाबाई न्यायमूर्तींना वाचून दाखवू लागल्या. पतीच्या निधनानंतर पुण्यातल्या सेवासदनाचं काम त्यांनी उभं केलं आणि १९१० साली ‘आमच्या आयुष्यांतील कांही आठवणी’ लिहिल्या. सभेत बोलणारी, संस्था चालवणारी, स्वतःचा काळ लिहून ठेवणारी ही बाई त्या चोरट्या तासाभराच्या धड्यांतून घडली. कुठल्या एका पुस्तकानं त्यांना बदललं, असं म्हणता येणार नाही. रोज शिकण्याच्या नेमानं बदललं, असं मात्र खुशाल म्हणता येतं.

दुसरी गोष्ट मुंबईच्या चर्नी रोडच्या बागेतली. तिथे एक शाळकरी मुलगा अवांतर पुस्तकं वाचत बसलेला कृष्णाजी अर्जुन केळुसकरांना दिसे. केळुसकर शिक्षक आणि लेखक. त्यांनी मुलाची चौकशी केली, त्याला पुस्तकं देऊ लागले. १९०७ साली हा मुलगा, भीमराव आंबेडकर, मॅट्रिक झाला तेव्हा केळुसकरांनी त्याला स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र भेट दिलं. बाबासाहेबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली १९५६ साली. मधे एकोणपन्नास वर्षं गेली. बुद्धाकडे आपण या पुस्तकामुळे वळलो, हे बाबासाहेबांनी स्वतः त्या वर्षी ‘द बुद्धा अँड हिज धम्म’साठी लिहिलेल्या प्रस्तावनेत नोंदवून ठेवलं आहे. मधल्या काळात न्यूयॉर्क, लंडन, दादरचं राजगृह आणि तिथला हजारो ग्रंथांचा संग्रह, हे सगळं आलं. राजगृह बांधतानाच पुस्तकांच्या जागेचा विचार झाला होता. रोज वाचणाऱ्याच्या मनात एखादं पुस्तक अर्धशतक मुरू शकतं, याहून मोठा दाखला शोधायची गरज नाही.

तिसरा दाखला एकांतातला. टिळक १९०८ ते १९१४ मंडालेच्या तुरुंगात होते. गीतारहस्याचा मसुदा १९१०-११च्या हिवाळ्यात लिहून झाला, हे सर्वांना माहीत असतं. पण त्याच तुरुंगात, पन्नाशी उलटलेली आणि मधुमेह जडलेला असताना, मूळ ग्रंथ वाचता यावेत म्हणून ते पुस्तकांच्या आधारे जर्मन आणि फ्रेंच शिकत होते, याचा उल्लेख कमी होतो. वाचनाची सवय अंगी मुरलेली असली की एकटेपणाचाही उपयोग करता येतो. निवृत्तीनंतर ‘आता दिवस जात नाही’ म्हणणाऱ्यांनी हे उदाहरण साठीच्या आधीच लक्षात घेतलेलं बरं.

संशोधन काय सांगतं, काय नाही

अलीकडे वाचनाच्या फायद्यांची आकडेवारी मोबाइलवर रोज फिरत असते. त्यातली काही भरवशाची, काही नुसतीच चमकदार.

भरवशाच्या अभ्यासांपैकी आपल्याला सर्वांत जवळचा, लखनौजवळच्या खेड्यांतला. तिथल्या तिशीतल्या निरक्षर व्यक्तींना, ज्यांत बहुतेक स्त्रिया होत्या, सहा महिने देवनागरी वाचायला शिकवलं आणि आधी-नंतर मेंदूचे स्कॅन काढले. २०१७ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. बदल मेंदूच्या वरच्या थरापुरते नव्हते, थेट मेंदूच्या खोडापर्यंत पोचले होते. वाचन ही मेंदूला जन्मजात मिळालेली क्षमता नाही. ती शिकून घडवावी लागते, आणि प्रौढ वयातही घडवता येते, हे त्यातून स्पष्ट झालं.

शिकागोच्या रश विद्यापीठाच्या संशोधकांनी २९४ वृद्धांना त्यांच्या मृत्यूपर्यंत दर वर्षी स्मरणशक्तीच्या चाचण्या दिल्या आणि मृत्यूनंतर त्यांचे मेंदू तपासले. उतारवयातही वाचन-लेखनात गुंतलेल्यांच्या स्मरणशक्तीची घसरण सरासरीपेक्षा ३२ टक्क्यांनी मंद होती, असा २०१३चा निष्कर्ष आहे. येल विद्यापीठानं २०१६ साली अमेरिकेतल्या पन्नाशीपुढच्या ३,६३५ जणांची बारा वर्षांची माहिती मांडली. आठवड्याला साडेतीन तासांहून अधिक, म्हणजे रोज अर्ध्या तासापेक्षा जास्त पुस्तकं वाचणाऱ्यांत मृत्यूचं प्रमाण न वाचणाऱ्यांपेक्षा २३ टक्क्यांनी कमी आढळलं. नियतकालिकं वाचणाऱ्यांना हा लाभ पुस्तकवाल्यांइतका झाला नाही, हे दिवाळी अंकात छापणं थोडं अंगलट येणारं आहे, पण लपवणं बरं नव्हे.

अर्थात, वाचलं म्हणून आयुष्य वाढलं की धडधाकट आणि सुस्थितीतली माणसंच जास्त वाचतात? संशोधक शिक्षण, उत्पन्न, आजारपण हिशेबात धरतात, तरी शंका पुरती फिटत नाही. कसदार कथा वाचल्यावर लगेच दुसऱ्याचं मन ओळखण्याची शक्ती वाढते, असा एक प्रयोग २०१३ साली गाजला होता. इतरांनी तोच पुन्हा करून पाहिला तेव्हा तसा परिणाम दिसला नाही. एका बैठकीत सहृदय व्हायची सोय नाही, एवढाच त्याचा अर्थ.

पण वर्षानुवर्षांच्या वाचनाचं काय? १९७८ साली ग्रंथालीनं दया पवारांचं ‘बलुतं’ काढलं, १९८०मध्ये लक्ष्मण माने यांचं ‘उपरा’. पुढे बेबी कांबळे यांचं ‘जिणं आमुचं’ आलं. गावकुसाबाहेरचं आणि पालावरचं आयुष्य सदाशिव पेठेतल्या, पार्ल्यातल्या दिवाणखान्यांत पहिल्यांदा पोचलं ते या पुस्तकांतून. वाचणारे सगळेच बदलले नाहीत. पण ‘आम्हाला माहीतच नव्हतं’ म्हणायची सोय त्यांना उरली नाही. नेमानं वाचणाऱ्याला मिळणारा हा एक गैरसोयीचा लाभ, आणि माझ्या मते सर्वांत मोलाचा.

भाषेचा लाभ तर सहज मोजता येतो. इंग्रजीतल्या एका पाहणीत असं दिसलं की लहान मुलांच्या पुस्तकांतसुद्धा पदवीधरांच्या रोजच्या गप्पांपेक्षा जास्त कमी-वापराचे शब्द असतात. मराठीत मोजणी करायची गरज नाही. घराघरांतल्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर नजर टाकली की पुरे.

वाचणाऱ्यांची वस्ती

वाचन एकट्यानं होतं, पण सवय बहुधा सोबतीनं टिकते. रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८चं, नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४०चं, पुणे नगर वाचन मंदिर १८४८चं. रेल्वे यायच्या आधी आपल्याकडे वाचनालयं आली होती.

अशा कुठल्याही जुन्या वाचनालयातली चांगली वापरलेली कादंबरी उघडून पाहा. एखाद्या ठरावीक पानाच्या कोपऱ्यात पेन्सिलीच्या बारीक खुणा दिसतील. कुठे टिंब, कुठे फुली, कुठे आद्याक्षर. तेच पुस्तक पुन्हा घरी जाऊ नये म्हणून वयस्क सभासदांनी केलेली ही सोय. काउंटरवरच्या बाईंना कुणाची खूण कोणती हे तोंडपाठ असतं. ‘काकू, हे झालंय तुमचं, हे न्या’ असं म्हणून त्या हातातलं पुस्तक बदलून देतात. कुठल्याही ॲपच्या शिफारशीपेक्षा हा सल्ला जास्त नेमका असतो.

त्याच वाचनालयाच्या माडीवर अभ्यासिका असते. स्पर्धा परीक्षा देणाऱ्या मुलामुलींनी ती सकाळी सातपासून भरलेली असते, बाहेर जागेसाठी यादी लागलेली असते. ही मुलं दहा-दहा तास वाचतात. पण खालच्या कपाटांकडे त्यांना फिरकता येत नाही, कारण अभ्यासक्रमाबाहेरचं प्रत्येक पान त्यांना महाग वाटतं. त्यांना दोष देता येत नाही. तरी उत्तराच्या शोधात वाचणं आणि प्रश्न घेऊन बाहेर पडणं यांतलं अंतर त्या एका जिन्याएवढंच असतं.

पुस्तकच लोकांकडे न्यायचे उपक्रमही झाले. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानतर्फे विनायक रानडे यांनी २००९मध्ये ‘ग्रंथ तुमच्या दारी’ सुरू केलं. पुस्तकांची पेटी गटातले लोक वाचतात आणि मग दुसऱ्या गटाशी बदलतात. आखातातल्या मराठी कुटुंबांपर्यंतही या पेट्या गेल्या. स्ट्रॉबेरीसाठी ओळखलं जाणारं पाचगणीजवळचं भिलार २०१७पासून पुस्तकांचं गाव झालं. तिथे लोकांच्या घरात जाऊन पुस्तक वाचत बसता येतं. स्वागत थोरात यांनी २००८ साली सुरू केलेल्या ‘स्पर्शज्ञान’ या ब्रेल पाक्षिकामुळे अंध वाचकांना मराठीत नियमित वाचायला मिळू लागलं.

नेम लावायचा कसा

सवय लागायला एकवीस दिवस पुरतात, हे आपण ऐकत आलो आहोत. लंडनमध्ये ९६ जणांवर झालेला २०१०चा अभ्यास वेगळंच सांगतो. एखादी कृती अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले. कुणाला १८ पुरले, कुणाला २५४ लागतील असा अंदाज निघाला. दिलासा देणारी गोष्ट अशी की मधेच एखादा दिवस चुकल्यानं फारसं बिघडलं नाही. रोज त्याच प्रसंगाला जोडून कृती करणं महत्त्वाचं ठरलं. चहानंतर, जेवणानंतर, निजण्याआधी, काहीही चालेल. पोथीवाल्यांनी दिवेलागण धरली होती ती याचसाठी.

कागद की पडदा, हा वाद ५४ अभ्यासांच्या २०१८च्या एकत्रित पाहणीनं पुष्कळसा सोडवला आहे. माहितीपर मजकूर कागदावर जास्त नीट समजतो, विशेषतः वेळ कमी असेल तेव्हा. गोष्ट मात्र दोन्हीकडे सारखीच पोचते. तेव्हा लोकलमध्ये मोबाइलवर कादंबरी वाचणाऱ्यानं मनात अपराधी भाव ठेवू नये.

आणि न आवडलेलं पुस्तक बिनदिक्कत सोडावं. पुरं करायच्या हट्टापायी नेम मोडलेलेच जास्त.

रोज वीस पानं वाचली तर वर्षाची ७,३०० पानं होतात, म्हणजे अडीचशे पानांची एकोणतीस पुस्तकं. चाळिशीत सुरुवात केली तरी सत्तरीपर्यंत साडेआठशेच्या वर जातात. यांतली कित्येक विसरली जातील. काही कधीतरी अडीअडचणीला धावून येतील, आणि एखादं मुळापासून हलवेल. ते कोणतं असेल आणि केव्हा, हे आधी कळायची काहीच सोय नाही. म्हणून निवडून दोन-चार थोर पुस्तकं वाचून भागत नाही, रोज वाचावं लागतं.