करंड्याचं झाकण का अडकतं?

कुंकवाचा लाकडी करंडा पावसाळ्यात उघडता उघडत नाही. लाकूड दमटपणात फुगतं, सुकताना आक्रसतं; तंतूंच्या लांबीत नाममात्र, आडवं मात्र भरपूर. त्यातही वाढीच्या वलयांच्या दिशेने त्रिज्येच्या दिशेपेक्षा साधारण दुप्पट, म्हणून ओलं असताना गोल कातलेलं भांडं वाळल्यावर लंबगोल होतं. जाणता कातारी आधी जाडसर आकार काढून लाकूड वाळू देतो, मगच झाकणाची खाच नेमकी करतो. डबा आणि झाकण एकाच तुकड्यातले असले, तर दोन्ही जवळपास सारखेच फुगतात-आक्रसतात.

कर्नाटकातल्या चन्नपट्टणचे लाकूड कातणारे कारागीर काळ्या कुड्याचं फिकट, बारीक पोताचं लाकूड घेतात. फिरत्या लाकडावर लाखेची रंगीत कांडी दाबली की घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून बसते. केवड्याच्या पातीने घासल्यावर चकाकते. सुंदर रेषांचा साग मात्र बिनरंगी ठेवावा.