साडेसात एचपीची हवा : इलेक्ट्रिक सुपरचार्जरविषयीचे गैरसमज

अर्जुनी मोरगावहून नवेगावबांधमार्गे कोहमाऱ्याकडे जाताना पुढे धानाच्या पोत्यांचा ट्रक असला, की ओव्हरटेक करताना छोट्या गाडीचा जीव मेटाकुटीला येतो. नेमकी तेव्हाच मोबाइलवरची जाहिरात आठवते : स्वस्तातला ‘इलेक्ट्रिक सुपरचार्जर’. प्लास्टिकच्या नळीत एक पंखा आणि बाहेर दोन वायरी. पैसे टाकण्याआधी थोडा हिशेब करा.

गैरसमज : हा विजेवरच्या गाड्यांचा चार्जर आहे.
वस्तुस्थिती : टेस्ला आपल्या चार्जिंग स्टेशनला सुपरचार्जर म्हणते, म्हणून हा घोळ होतो. इंजिनातला सुपरचार्जर म्हणजे हवा दाबून भरणारा कॉम्प्रेसर. टर्बो एक्झॉस्टच्या झोतावर फिरतो, साधा सुपरचार्जर इंजिनच्या बेल्टवर आणि इलेक्ट्रिक सुपरचार्जर मोटरवर.

गैरसमज : पंखा बसवला की ताकद वाढते.
वस्तुस्थिती : 1.2 लिटरचे इंजिन 6000 आरपीएमला मिनिटाला सुमारे 3600 लिटर हवा ओढते. तिचा दाब दीडपट करायला साधारण साडेपाच किलोवॅट लागतात. म्हणजे शेतातला साडेसात एचपीचा पंपच! लायटरच्या सॉकेटमधून मिळतात जेमतेम 120 वॅट. उलट वाटेत बसलेला पंखा हवाच अडवतो.

गैरसमज : मोठी मोटर लावली की झाले.
वस्तुस्थिती : 12 व्होल्टवर तिला साडेचारशेहून जास्त अँपिअर लागतील. छोट्या गाडीचा अल्टरनेटर त्याच्या जवळपासही जात नाही. शिवाय वाढलेल्या हवेला तेवढे पेट्रोल मिळाले नाही, तर इंजिन ठोके देते आणि पिस्टन जळू शकतात. मोटार वाहन कायद्याचे कलम 52सुद्धा मूळ रचनेत मनमानी फेरफार करू देत नाही.

गैरसमज : म्हणजे हे तंत्रच खोटे.
वस्तुस्थिती : तंत्र खरे आहे. ऑडीने 2016 मध्ये एसक्यू7 डिझेलमध्ये 7 किलोवॅटचा इलेक्ट्रिक कॉम्प्रेसर दिला. त्यासाठी वेगळी 48 व्होल्टची यंत्रणा बसवली. टर्बो जोर धरेपर्यंतचे काही क्षण तो सांभाळतो, बाकीचे काम टर्बोच करतो.

ज्यांना जोर हवाच आहे, त्यांनी कंपनीनेच टर्बो बसवलेली गाडी घ्यावी. आहे त्याच गाडीसाठी मळणीच्या दिवसांत एअर फिल्टर काढून उजेडासमोर धरा. भुसा आणि धुळीने उजेड आरपार येत नसेल, तर तो बदला. इंजिनला हवी असलेली हवा तिथेच अडली आहे.