डिजिटल ॲनिमेशनसाठी पार्श्वभूमी तयार करणे व आयात करणे

ॲनिमेशनमध्ये पात्र हलते, पण ते कुठे आहे, किती वाजले आहेत, किती वेगाने चालले आहे, हे प्रेक्षकाला पार्श्वभूमीवरून कळते. या पाठात आपण म्हैसूरच्या दसऱ्यातील जंबो सवारीचे दहा सेकंदांचे दृश्य उदाहरण म्हणून घेऊ. सोन्याची अंबारी घेतलेला हत्ती राजवाड्यासमोरून डावीकडून उजवीकडे चालत आहे, एवढेच दृश्य.

1. आधी निरीक्षण

संगणक उघडण्यापूर्वी जागेची माहिती गोळा करा. म्हैसूरचे चित्र म्हटले की अनेक जण राजवाडा काढतात आणि त्यामागे चामुंडी टेकडी. पण राजवाड्याचे तोंड पूर्वेला, टेकडीच्या बाजूला आहे. म्हणजे तुम्ही राजवाड्याचा दर्शनी भाग पाहत असाल, तर टेकडी तुमच्या पाठीमागे असते. दुसरी चूक वेळेची. जंबो सवारी दुपारी निघते; राजवाड्यावरचे हजारो दिवे अंधार पडल्यावर लागतात. दोन्ही एकाच चौकटीत काढले, तर गाव ओळखणाऱ्या प्रेक्षकाचा विश्वास तिथेच उडतो.

2. थर पाडणे

संपूर्ण देखावा एकाच थरावर रंगवू नका. चार थर करा: आकाश, राजवाडा, हत्तीच्या पायाखालची जमीन, आणि अगदी पुढची झेंडूची तोरणे. आकाश सोडून बाकी थरांचा रिकामा भाग पारदर्शक ठेवा. सर्व थरांची क्षितिजरेषा एकच असावी. नाहीतर राजवाडा हवेत तरंगल्यासारखा दिसतो.

3. चित्राची लांबी किती?

आपली चौकट 1920 × 1080 पिक्सेलची आहे आणि सेकंदाला 24 फ्रेम आहेत. दहा सेकंदांच्या 240 फ्रेम झाल्या. कॅमेरा हत्तीबरोबर चालतो, म्हणून हत्ती चौकटीत जागच्या जागी राहतो आणि पार्श्वभूमी डावीकडे सरकते. जवळचा थर जलद सरकतो, दूरचा हळू. त्यामुळेच सपाट चित्रात खोली जाणवते.

सूत्र सोपे आहे: थराची रुंदी = चौकटीची रुंदी + (दर फ्रेमचे सरकणे × फ्रेमची संख्या).

आकाश, 1 पिक्सेल: 1920 + 240 = 2160
राजवाडा, 4 पिक्सेल: 1920 + 960 = 2880
जमीन, 16 पिक्सेल: 1920 + 3840 = 5760
तोरणे, 24 पिक्सेल: 1920 + 5760 = 7680

हा हिशेब आधी केला नाही, तर दृश्य संपण्याआधीच चित्र संपते आणि कडेला मोकळी जागा दिसते. जमिनीचा वेग मनाला येईल तसा ठरवू नका. हत्तीचा टेकलेला पाय चौकटीत दर फ्रेमला जितका मागे जातो, तितकीच जमीन मागे गेली पाहिजे. फरक पडला की हत्ती चालण्याऐवजी घसरतो.

4. रंग

दृश्यातील सर्वांत उठावदार गोष्ट अंबारी असली पाहिजे. म्हणून राजवाड्याचे रंग फिके ठेवा, बारीक नक्षी कमी करा आणि पिवळा रंग राखून वापरा. म्हैसूर शैलीच्या पारंपरिक चित्रांत सोन्याचा वर्ख दागिने, वस्त्रे अशा निवडक जागी लावतात. तोच संयम इथे उपयोगी पडतो. चित्र क्षणभर करड्या छटांत पाहा. हत्ती मागच्या भिंतीत मिसळत असेल, तर छटा बदला.

5. फाइल साठवणे व आयात करणे

चित्र क्रिता किंवा गिंपमध्ये काढता येईल. रंगपद्धत आरजीबी ठेवा. छपाईची सीएमवायके इथे नको. पारदर्शक थर पीएनजी स्वरूपात साठवा. जेपीजीत पारदर्शकता राहत नाही, रिकामी जागा भरीव रंगाची होते. लहान चित्र आयात करून ताणू नका, ते धूसर होते.

पेन्सिल टूडीमध्ये फाइल मेनूतील इम्पोर्ट पर्यायाने प्रत्येक चित्र स्वतंत्र थरावर आणा. स्थिर चित्राला एकच कीफ्रेम पुरते. पुढची कीफ्रेम येईपर्यंत ते दिसत राहते. ओपनटूंझमध्ये पीएसडी फाइल घेताना तिचे थर वेगवेगळ्या कॉलममध्ये उघडता येतात. सिन्फिगमध्ये सहसा प्रकल्पाच्या फाइलीत चित्राचा फक्त पत्ता राहतो. म्हणून चित्रे व प्रकल्प एकाच फोल्डरमध्ये ठेवा आणि दुसऱ्या संगणकावर नेताना पूर्ण फोल्डर न्या. फाइलींना ‘01_आकाश’, ‘02_राजवाडा’ अशी क्रमवार नावे द्या.

स्वाध्याय

तुमच्या गावातील जत्रेची किंवा मिरवणुकीची वाट निवडा. सहा सेकंदांच्या दृश्यासाठी तीन थर ठरवा, प्रत्येकाची रुंदी काढा आणि मगच रंगवायला बसा.