शहराचे रस्ते : जाळे की झाड?

शहर वाढले की आपण लोकसंख्या मोजतो, इमारती मोजतो, वाहने मोजतो. रस्त्यांचीही लांबी किलोमीटरमध्ये दिली जाते. पण हे रस्ते एकमेकांना किती ठिकाणी आणि कसे जोडलेले आहेत, हे क्वचितच कोणी मोजते. शाळेत चालत जाणारे मूल, बसथांब्याकडे निघालेली आजी आणि आगीच्या बंबाचा चालक यांच्या दृष्टीने मात्र लांबीपेक्षा ही जोडणीच जास्त महत्त्वाची असते. ती मोजायला शालेय गणित पुरते.

पुण्याचे उदाहरण घेऊ. सदाशिव, बुधवार यांसारख्या जुन्या पेठांमध्ये उत्तर-दक्षिण रस्ते आणि त्यांना छेदणाऱ्या पूर्व-पश्चिम गल्ल्या दिसतात. मधूनमधून एका रस्त्यावरून दुसऱ्यावर काढणारे बोळही असतात. एक वाट बंद झाली तर दुसरी सापडते. शहराच्या कडेला, कालपर्यंत शेती असलेल्या भागात चित्र वेगळे दिसते. मूळची एक पाणंद डांबरी होते. तिच्या दोन्ही अंगांना एकेका गटाची जमीन विकसित होते. प्रत्येक वसाहतीचा रस्ता पाणंदीवरून आत शिरतो आणि कुंपणाच्या भिंतीशी संपतो. पहिल्या प्रकारच्या रचनेला आपण ‘जाळे’ म्हणू आणि दुसऱ्या प्रकारच्या रचनेला ‘झाड’ म्हणू : एक खोड, त्याला फांद्या, फांद्यांना डहाळ्या.

सोळा बिंदूंचे गणित

नकाशावर जेथे रस्ते मिळतात (चौक किंवा तिठा) तेथे एक बिंदू द्यावा. रस्ता जेथे संपतो त्या बंद टोकालाही बिंदू द्यावा. दोन लगतच्या बिंदूंमधील रस्त्याच्या तुकड्याला ‘दुवा’ म्हणावे. नुसत्या वळणाला बिंदू देऊ नये.

आता फळ्यावर चार ओळी व चार स्तंभ असे १६ बिंदू काढून ते चौकटीसारखे जोडा. आडवे दुवे १२, उभे १२, एकूण २४. दुव्यांना बिंदूंनी भागले की १.५ हे गुणोत्तर मिळते. पुन्हा तेच १६ बिंदू घ्या, पण झाडासारखे जोडा. कसेही जोडले तरी दुवे १५ च लागतात, कारण पहिल्यानंतरचा प्रत्येक नवा बिंदू एकेक दुवा घेऊन येतो. गुणोत्तर ०.९४. म्हणजे झाडाचे गुणोत्तर कायम १ पेक्षा कमी राहते. चौकटीचे जाळे जसजसे मोठे होते, तसतसे त्याचे गुणोत्तर २ च्या जवळ जाते. अमेरिकेतील नगररचनाकार १.४ किंवा त्याहून अधिक गुणोत्तर चांगल्या जोडणीची खूण मानतात.

या मोजणीमागे जुने गणित आहे. कोनिग्सबर्ग शहरातील सात पुलांच्या कोड्यावर ऑयलरने १७३६ साली विचार केला, तेव्हा त्याने अंतरे बाजूला ठेवून फक्त जोडणी पाहिली. त्याचेच दुसरे सूत्र आपण घनाकृतींच्या संदर्भात शिकवतो : पृष्ठे + शिरोबिंदू = कडा + २. ते सपाट नकाशालाही लागू पडते. आपल्या जाळ्यात पृष्ठे = २४ + २ − १६ = १०. त्यातले एक म्हणजे नकाशाबाहेरचा मोकळा भाग. उरले ९ चौकोन. झाडात मात्र १५ + २ − १६ = १, म्हणजे बाहेरचा भाग तेवढाच उरतो, आतला चौकोन एकही नाही. प्रत्येक चौकोन हा पर्यायी वाट असल्याचा पुरावा असतो. म्हणून आपल्या जाळ्यातला कोणताही एक दुवा खोदून ठेवला तरी सर्व बिंदू जोडलेले राहतात. झाडातला कोणताही एक दुवा तुटला की त्यापलीकडचे सारे अडकून पडतात. शिवाय झाडातली सगळी वर्दळ शेवटी खोडावर येते. पाणंदीवर रोज सकाळी होणारी कोंडी त्यामुळेच असते. खोड रुंद केले तरी झाडाचे जाळे होत नाही.

आणखी तीन मापे

गुणोत्तर एकटे पुरेसे नाही. १०० मीटरच्या चौकटी असोत की २०० मीटरच्या, गुणोत्तर जवळपास सारखेच येईल. म्हणून दर चौरस किलोमीटरला किती चौक आहेत, हेही पाहावे लागते. पहिल्या प्रकारात ते सुमारे १००, दुसऱ्यात फक्त २५.

तिसरे माप वळशाचे. प्रत्यक्ष चालण्याच्या अंतराला सरळ रेषेतील अंतराने भागावे. चौकटीच्या रस्त्यांवर कर्णाच्या दिशेने जायचे झाले तरी हे माप २ च्या वर्गमुळाएवढे, म्हणजे सुमारे १.४१, यापेक्षा जास्त होत नाही. पण समजा, दोन वसाहतींमधील घरे भिंतीला पाठ लावून उभी आहेत. सरळ अंतर ३० मीटर, आणि फाटकातून बाहेर पडून मुख्य रस्त्याने फिरून जायला ९०० मीटर. वळशाचे माप ३०! अशा ठिकाणी माणूस चालत नाही, गाडी काढतो.

चौथे माप शहराच्या पसाऱ्याचे. समजा, दहा वर्षांत लोकसंख्या २० टक्क्यांनी आणि बांधीव क्षेत्र ४० टक्क्यांनी वाढले. तर माणशी जमीन १.४ ÷ १.२, म्हणजे सुमारे १७ टक्क्यांनी जास्त लागू लागली. संयुक्त राष्ट्रांच्या २०१५ च्या शाश्वत विकास उद्दिष्टांमध्येही जमीन व्यापण्याचा वेग आणि लोकसंख्यावाढीचा वेग यांचे गुणोत्तर हा एक निर्देशक आहे. पसारा आणि तुटक रस्ते या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. पण दोन्ही एकत्र आल्या की अंतरे दुहेरी वाढतात.

चूक दुरुस्त का होत नाही?

घर पाडून नवे बांधता येते. रस्त्याची आखणी मात्र सहसा बदलत नाही, कारण तिच्या दोन्ही बाजूंना मालकी हक्क उभे राहिलेले असतात. बॅरिंग्टन-ली आणि मिलार्ड-बॉल या संशोधकांनी अमेरिकेतील रस्त्यांचा अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध केला. नव्या रस्त्यांचा तुटकपणा विसाव्या शतकात वाढत जाऊन १९९४ च्या सुमारास शिगेला पोहोचला आणि मग कमी होऊ लागला, असे त्यात दिसले. पण आधी आखलेले तुटक रस्ते तसेच राहिले. त्यांच्याच २०२० च्या जागतिक अभ्यासानुसार जगाच्या पुष्कळ भागांत नवे रस्ते पूर्वीपेक्षा कमी जोडलेले होत आहेत.

यात कोणा एकाचा वाईट हेतू नसतो. आपल्या जागेतून आरपार रस्ता दिला तर जमीन जाते आणि परक्यांची वाहने येतात, हा प्रत्येक विकासकाचा हिशेब त्याच्यापुरता बरोबर असतो. असे सारे हिशेब एकत्र केले की झाड तयार होते. म्हणून आखणी आधी आणि सर्वांची मिळून व्हावी लागते. १८९६ च्या प्लेगनंतर, १८९८ साली मुंबईत सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्याने दादर-माटुंगा भाग वसवला तो आधी रस्ते आखून. महाराष्ट्राच्या १९६६ च्या प्रादेशिक व नगररचना कायद्यातही नगररचना योजनेची तरतूद आहे : सर्वांच्या जमिनी एकत्र करायच्या, त्यांतून रस्ते व मोकळ्या जागा काढायच्या आणि उरलेली जमीन नीट आकाराचे भूखंड करून मालकांना परत द्यायची. पुणे महापालिकेत २०१७ साली ११ आणि २०२१ साली २३ गावे आली. (त्यांपैकी फुरसुंगी व उरुळी देवाची ही पुढे वेगळी काढून त्यांची नगरपरिषद करण्यात आली.) अशा गावांत जेथे अजून शेते आहेत, तेथे जाळे विणण्याची संधी शिल्लक आहे, भिंती उभ्या राहिल्या की ती संपते.

वर्गासाठी प्रकल्प

शाळा मध्यभागी धरून नकाशावर ५०० मीटर त्रिज्येचे वर्तुळ काढावे. त्यातील चौक, बंद टोके आणि दोन्ही टोके वर्तुळात असलेले दुवे मोजावेत. वर्तुळाच्या कडेने कापलेले रस्ते बंद टोके समजू नयेत. वर्तुळाचे क्षेत्रफळ सुमारे ०.७८५ चौरस किलोमीटर येते. चौकांच्या संख्येला त्याने भागावे. मग गावठाणात आणि नव्या वसाहतीत अशीच वर्तुळे घेऊन तुलना करावी. प्रत्येक विद्यार्थ्याने घर ते शाळा या वाटेचे वळशाचे मापही काढावे.

मात्र नकाशावर विसंबून राहू नये. नकाशात आरपार दिसणाऱ्या रस्त्यावर प्रत्यक्षात कुलूपबंद फाटक असू शकते आणि नकाशात नसलेली पायवाट मुले रोज वापरत असतात. एक गोष्ट विद्यार्थ्यांच्या आपोआप लक्षात येईल : प्रत्येक बंद टोक मोटारींसाठी उघडायची गरज नसते. पुष्कळदा कुंपणात माणूस आणि सायकल जाईल एवढी वाट ठेवली, तरी ९०० मीटरचे ३० होतात. अशा जागा नकाशावर लाल शाईने दाखवून ती यादी ग्रामपंचायतीकडे किंवा प्रभाग कार्यालयाकडे द्यावी.