जुनापाणीच्या शिळा आणि छायाचित्राची साक्ष

भंडारा, मोहाडी, करडी या परिसरातील व्यापारी कुटुंबांना नागपूरची वाट नवी नाही. खरेदी, सोयरीक, दवाखाना, अशा नाना कारणांनी ती नित्य तुडवली जाते. मात्र नागपूर शहर ओलांडून काटोल मार्गाने थोडे पुढे गेले, की जुनापाणीच्या माळावर अडीच हजार वर्षांहून जुना ठेवा उघड्यावर पडून आहे, याची कल्पना फार थोड्यांना असते. हा ठेवा म्हणजे शिलावर्तुळे. मोठमोठे दगड गोलाकार मांडून त्यांच्या आत माती व गोटे भरलेली ही लोहयुगातील मृतांची स्मारके होत.

जे. एच. रिव्हेट-कार्नॅक यांनी १८७९ साली या वर्तुळांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. पुढे १९६१-६२ मध्ये बी. के. थापर यांच्या मार्गदर्शनाखाली येथे उत्खनन झाले. जवळच्या माहूरझरी येथे मौल्यवान खड्यांचे मणी व घोड्याचे तांब्याचे अलंकार सापडले. पारशिवनी तालुक्यातील नैकुंड येथे तर लोखंड गाळण्याची भट्टीच मिळाली. विदर्भातील कारागिरी व देवघेव किती प्राचीन आहे, याचा हा पुरावा होय.

जुनापाणीच्या काही शिळांवर लहान गोल खळगे कोरलेले आहेत. अशा शिळा वर्तुळात ठरावीक दिशांना मांडलेल्या दिसतात, असे अभ्यासकांचे निरीक्षण आहे. म्हणूनच येथे दगडाइतकेच त्याच्या जागेला मोल आहे. जागेवरून हललेली शिळा केवळ दगड उरते.

या शिळांचे छायाचित्र घेण्याचीही एक रीत आहे. भर दुपारी ऊन डोक्यावर असताना खळगे जणू पुसले जातात. सकाळी किंवा सायंकाळी तिरपे ऊन पडले, की त्यांत सावली भरते आणि ते ठसठशीत दिसतात. पावसाळ्यात गवत शिळांना झाकून टाकते, म्हणून हिवाळा व उन्हाळ्याचा आरंभ हा उत्तम काळ. प्रथम संपूर्ण वर्तुळ परिसरासह टिपावे, मग एकेक शिळा. शेजारी मोजपट्टी ठेवावी, उत्तर दिशा दर्शवावी, तारीख नोंदवावी. खळगे उठून दिसावेत म्हणून खडू किंवा रंग लावणे मात्र कटाक्षाने टाळावे.

संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत बांधकामास मनाई आहे आणि त्यापुढील २०० मीटरवर नियंत्रण आहे. परंतु संरक्षित यादीबाहेरची वर्तुळे शेताच्या सपाटीकरणात, रस्त्याच्या भरावात किंवा भूखंडांच्या आखणीत एका दिवसात नाहीशी होऊ शकतात. जमीन घेणारा, बांधकामाचा ठेका घेणारा आणि दगड-मुरुमाचा व्यवहार करणारा वर्ग आपल्याच समाजातही आहे. यंत्र लावण्यापूर्वी त्याने जमीन एकदा पायी फिरून पाहावी. दगडांची गोलाकार मांडणी दिसताच काम थांबवून छायाचित्रे घ्यावीत आणि पुरातत्त्व विभागाला किंवा तहसील कार्यालयाला कळवावे.

वहीत नोंद नसलेला व्यवहार सिद्ध करणे किती कठीण, हे व्यापाऱ्याला सांगावे लागत नाही. ज्या वर्तुळाची कोठेही नोंद नाही, त्याचे दगड एकदा उचलले गेले की ते तेथे होते हे सांगणारेही कोणी उरत नाही.