सुईचा बागुलबुवा करू नका

शेतीच्या पानावर लेकरांच्या लसीचं काय काम, असं म्हणाल. पण लाळ्या-खुरकुताची लस टोचायला डॉक्टर गोठ्यात येतात तेव्हा आपण काय करतो? जनावराच्या पाठीवरून हात फिरवतो, तोंडापुढे हिरवी वैरण धरतो. काठी उगारून कुणी लस टोचून घेत नाही. घरातल्या पोराला मात्र वर्षभर दम भरतो, ‘जेव, नाहीतर नर्सबाईला सुई मारायला सांगीन!’ मग अंगणवाडीच्या दारातच पोर भोकाड पसरतं, यात नवल काय?

रडणं थांबतं, पण आकांत बघून आजीचा जीव खालीवर होतो. ‘राहू द्या, पुढच्या महिन्यात बघू,’ म्हणते. पुढचा महिना सोयाबीनच्या काढणीत जातो आणि डोस राहतो तो राहतोच. २०२२ च्या अखेरीस मुंबई, भिवंडी, मालेगावात गोवर उसळला, लेकरं दगावली. गोवर-रुबेलाचा पहिला डोस नऊ महिने पूर्ण झाल्यावर आणि दुसरा सोळा ते चोवीस महिन्यांत असतो. हा दुसराच जास्त चुकतो, कारण तोवर पोराला सुई ओळखू येते.

दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांच्या बाळाचं सोपं आहे. तोंडावाटे द्यायचे डोस आधी होऊ द्यावेत आणि सुई टोचताना आईनं बाळाला पदराखाली घ्यावं. अंगावर पिणाऱ्या बाळाला दुखणं कमी जाणवतं, हे तपासून सिद्ध झालेलं आहे. चालत्या-बोलत्या पोराला आडवं पाडून चौघांनी हातपाय दाबू नयेत, त्यानंच ते जास्त बिथरतं. आईनं किंवा बापानं मांडीवर उभं बसवून छातीशी घट्ट धरावं. होय, बापानंसुद्धा. लसीच्या दिवशी बाप लोक नेमके पारावर सापडतात.

पाच-सहा वर्षांचं पोर बूस्टरला न्यायचं असेल तर त्याच दिवशी सकाळी खरं सांगा. ‘कणभर दुखणार नाही’ म्हणालात की पुढच्या खेपेला तुमच्यावर विश्वास ठेवायचं नाही. ‘जरा चुरचुरेल, मग थांबेल,’ एवढं पुरे. टोचताना जोरात फुंकर मारायला सांगा, नाहीतर बैलांची नावं विचारा. रडलं तर रडू द्या, ‘रडूबाई’ म्हणून चिडवू नका.

टोचलेली जागा चोळू नये. एक-दोन दिवस कणकण येते. तापाचं औषध किती द्यायचं ते नर्सबाईंना विचारूनच द्या. बीसीजीच्या जागी काही आठवड्यांनी फोड येऊन व्रण राहतो, तो तसाच यायचा असतो. त्यावर हळद-चुना लावू नये.

सरपंच मंडळींनाही एक विनंती. लसीकरणाच्या दिवशी टोचायची जागा आणि थांबायची जागा वेगळी ठेवा, मध्ये एखादी सतरंजी आडवी बांधली तरी भागतं. एकाचं रडणं बघून रांगेतली दहा पोरं सुरू होतात. लस दिल्यावर अर्धा तास तिथंच थांबायचं असतं, तेव्हा सावली आणि प्यायचं पाणी हवं. आणि दवंडीत तारखेबरोबर कार्ड आणायलाही सांगा, निम्म्या आया ते घरी पत्र्याच्या पेटीत ठेवून येतात.